पार्ट विलायतेहून यायचाय

१

तार आली तेव्हा माझ्या डोळ्याला भिंग होतं आणि चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग. पोस्टमननं दारातूनच "तार!" अशी हाळी दिली आणि ती स्प्रिंग जी उडाली, ती मला आजतागायत सापडलेली नाही. साल चव्वेचाळीस. आमच्या सातारा भागात घरटी एक गडी पलटणीत, त्यामुळं तार म्हटलं की बायका आधी रडायला लागत आणि मग ती वाचून घेत. माझं लढाईवर कुणी नव्हतं. मी स्वतः पहिल्या लढाईत बसऱ्याला वर्कशॉपात होतो, घड्याळं तिथंच शिकलो. तरी तार उघडण्याआधी देवाचं नाव घेतलंच.

तार सांगलीहून गोदावरीबाई शेवड्यांची होती. मधूचं घड्याळ चोरीला गेलंय, लगेच या, एवढाच मजकूर.

"हात्तिच्या!" मी म्हणालो. "घड्याळच गेलंय होय? मला वाटलं माणूस गेलं." असा जीव भांड्यात पडला म्हणून सांगू! पुढं कितीतरी दिवस मला या वाक्याची लाज वाटत होती.

अण्णासाहेब शेवडे म्हणजे संस्थानच्या मोठ्या नोकरीतून निवृत्त झालेला, शब्दाला पक्का माणूस. नाद एकच, जुनी उंची घड्याळं जमवायचा. कसलीही नव्हेत, तर दरबारात आणि लग्नात घालायची, सोन्याची नाहीतर प्लॅटिनमची, कागदासारखी पातळ, दोनच काट्यांची. सेकंदकाटा त्यांना खपत नसे. "सेकंदकाटा म्हणजे दरबारात धापा टाकत येणारा माणूस," असं म्हणायचे. अशी बारा घड्याळं त्यांनी वीस वर्षांत मिळवली होती, आणि दरसाल ती साफ करून तेल द्यायला सांगलीला जायचा मान माझा. बारावं त्यांनी मुलासाठी, मधूसाठी घेतलं होतं, तो डॉक्टर झाला तेव्हा. मधूनं ते लग्नात घातलं आणि पुढं लष्कराचा डॉक्टर होऊन मलायाकडं जाताना पेटीत परत ठेवलं. "आल्यावर घालीन," म्हणाला. सिंगापूर पडलं, मधू जपान्यांच्या कैदेत गेला. एक कार्ड आलं होतं, त्यालाही वर्ष होऊन गेलं.

माझ्याबद्दल सांगायचं तर घड्याळं उघडता उघडता मी माणसांच्या लबाड्याही उघडायला शिकलो. मागं फलटणच्या एका घरातलं दागिन्याचं कोडं सोडवलं, तेव्हापासून लोक मला अर्धा फौजदार समजतात. बुधवारी पहाटे कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या त्या रडक्या मोटारीत बसलो आणि दुपारी सांगलीत उतरलो.

दारातच अण्णांचा पुतण्या नारायण उभा. "बरं झालं आलात," तो म्हणाला. "चोर सापडलाय. पाच वाजता फौजदार येतायत."

"कोण चोर?"

"आमची बनुबाई. दुसरं कोण?"

बनुबाई या घरात बावीस वर्षं भांडी घासत होती. मधूला तिनं खांद्यावर खेळवलेलं मी पाहिलेलं होतं.

२

घड्याळांची पेटी दिवाणखान्यात असायची. वर काच, आत निळी मखमल, मखमलीत बारा खळगे. अकरा भरलेले आणि मधूचा रिकामा.

कुलूप भिंगाखाली धरलं. एक चरा नाही. नारायण म्हणत होता की बाईनं केसातला आकडा घालून उघडलं. "आकडा घालून तू हे उघडून दाखव," मी म्हणालो, "मी सातारला जाऊन भाजी विकतो." हे कुलूप किल्लीशिवाय उघडणारं नव्हतं, आणि किल्ली अण्णांच्या जानव्याला. आंघोळीला, जेवताना, झोपताना तिथंच. पेटी उघडायची तर किल्ली न सोडता अण्णा कमरेत वाकून कुलपाशी येत, हे मी वीस वर्षं बघत आलो होतो. श्रावणीला जानवं बदलतात, तेवढीच ती किल्ली सुटायची.

आजही अण्णांनी तसंच वाकून उघडलं. पितळेच्या किल्लीनं जानव्यावर एरवी हिरवट डाग पडलेला असतो. आज जानवं पांढरंशुभ्र होतं. मी बघितलं आणि सोडून दिलं.

"काय गेलंय ते दिसतंच आहे," अण्णा हळू म्हणाले. ते फार वाळले होते. "तुम्हाला उगाच त्रास दिला हिनं."

मी एकेक घड्याळ कानाला लावलं. पहिलं बंद, दुसरं बंद. अकराच्या अकरा बंद! अण्णा रोज सकाळी पूजा आटपली की बाराही घड्याळांना स्वतः चावी देत, त्यात वीस वर्षांत खाडा नव्हता. घरात कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं, कारण सेकंदकाटा नसला की घड्याळ चालू आहे की बंद, हे बघून चटकन कळत नाही. कानालाच लावावं लागतं.

"चावी देत नाही का हल्ली?"

"कंबर धरली हो. वाकवत नाही."

आत्ता तर वाकले होते माझ्यासमोर.

अकरांत एक घड्याळ तारीख आणि चंद्रकला दाखवणारं होतं. आम्ही त्याला पंचांग म्हणायचो. त्यात तारीख होती पाच, आणि चंद्र जवळजवळ पुरा, गुरुपौर्णिमेच्या आदल्या दिवसाचा. आज एकोणीस. ते एका चावीत दीड दिवस चालतं, हे मला माझ्या हातासारखं ठाऊक. म्हणजे शेवटची चावी चार तारखेच्या सकाळी मिळाली, आणि पाच तारखेला ते थांबलं.

आणखी एक गोष्ट खटकली. रिकाम्या खळग्याच्या शेजारीच प्लॅटिनमचं घड्याळ होतं, मधूच्या घड्याळाहून कितीतरी मोलाचं. चोरानं त्याला हात लावला नव्हता. असला सोवळा चोर मी तरी पाहिलेला नाही.

३

नारायणला ओसरीवर घेतलं. पस्तिशीचा, कचेरीत कारकून, तोंडाचा फटकळ. स्वतःच्या लग्नात मिरवायला त्यानं अण्णांकडं एक घड्याळ मागितलं होतं आणि अण्णांनी दिलं नव्हतं. पहिला संशय माझा त्याच्यावरच.

"माझ्यावर डोळा नका ठेवू," तो आधीच म्हणाला. "घड्याळ देत नाहीत, कामं मात्र सांगतात. चार तारखेपासून दहा दिवस देवपूजा माझ्या गळ्यात! का, तर अण्णाकाकांची कंबर दुखते, पाटावर बसवत नाही. आणि झोपतात कुठं? पलंग सोडून जमिनीवर, घोंगडी टाकून! कंबर दुखणारा माणूस जमिनीवर झोपतो का हो?"

"झोपत नाही," मी म्हणालो.

"तेच तर! मी रोज कचेरीत उशिरा."

त्याला वाटलं तो रडगाणं गातोय. त्यानं माझ्या हातात केवढं दिलं होतं, हे त्याला कळलं नाही. खरं म्हणजे मलाही तेव्हा अर्धंच कळलं.

आत गोदावरीबाई तांदूळ निवडत होत्या आणि सून उमा शेजारी बसली होती. चोवीस वर्षांची पोर, कपाळावर ठसठशीत कुंकू. चोरी तिलाच पहिल्यांदा दिसली होती.

"मी रोज संध्याकाळी पेटीची काच पुसते," ती म्हणाली. "शनिवारी घड्याळ होतं. रविवारी मी मिरजेला मावशीकडे होते. सोमवारी बघते तो जागा रिकामी." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "काका, ते आल्यावर मी काय देऊ त्यांच्या हातात?"

"रविवारी घरात कोण होतं?"

"मी आणि बनुबाई," गोदावरीबाई म्हणाल्या. "नारायण मित्राकडे. आणि हे गेले होते हरिपूरला, संगमेश्वराला. काय सांगू नाथाजी, हल्ली यांना काही आठवतच नाही. पायांत नवा जोडा, हातात नवी छत्री घेऊन गेले आणि आले ते अनवाणी, चिंब भिजून! विचारलं तर म्हणे, देवळात राहिलं."

"छत्री पण आणि जोडा पण?"

"दोन्ही. वय झालं, दुसरं काय."

मी उठलो. माझ्या डोक्यात काहीतरी खटकन बसलं होतं आणि ते बसू नये असं मला वाटत होतं. अजून एका माणसाला विचारायचं राहिलं होतं.

४

बनुबाई परसात, विहिरीच्या कडेला गाठोडं बांधून बसली होती. कवठे महांकाळकडची बाई, नवरा कधीच वारलेला, एकुलता एक ल्योक जोतिबा लढाईवर, इटलीत.

"बनुबाई, पाच वाजता फौजदार येतोय."

"येऊ द्या की."

"चौकीवर नेईल. उद्या जोतिबा आला तर त्याला काय सांगतील लोक?"

तिचा चेहरा कसानुसा झाला. "म्या घेटलेलं न्हाई, नाथाजीभाऊ. त्याच्या म्होरं मला काय बी इचारू नगा."

"घेतलं नाहीस हे मला ठाऊक आहे. कुणी घेतलं ते सांग."

"मला ठावं न्हाई."

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. "बरं. मग एवढंच सांग. चार तारखेला या घरात काय झालं?"

तिनं एकदम माझ्याकडं बघितलं. मग पदर तोंडात कोंबला आणि जी रडायला लागली, ती आवाज न करता, सगळं अंग हलवून.

"कुणी काय सांगितलं तुमास्नी?" पदर तोंडातून काढत ती म्हणाली.

"घड्याळानं सांगितलं."

"मग घड्याळालाच इचारा. म्या जोतिबाची आन घेटल्याली हाय. माझ्या लेकराची आन हाय, भाऊ! मला चौकीत न्या, फासावर द्या, पर म्या त्वांड उघडायची न्हाई."

पोटच्या पोराची शपथ, तीही पोरगा तोफांच्या तोंडाशी असताना. ती मोडणार नाही हे मला कळलं, आणि कुणाला दिली तेही. मला असा राग आला म्हणता! चार वाजून गेले होते. मी तडक दिवाणखान्यात गेलो आणि आतून कडी लावली.

५

अण्णा पेटीसमोर बसले होते.

"अण्णासाहेब," मी म्हणालो, "मधू कधी गेला?"

त्यांनी मान वर केली नाही. नुसतं विचारलं, "कसं कळलं?"

"कसं कळलं काय! चार तारखेपर्यंत तुम्ही घड्याळांना चावी दिली, पुढं नाही. त्याच दिवसापासून दहा दिवस देवाला हात लावला नाही आणि जमिनीवर झोपलात. ती कंबर नव्हती, ते सुतक होतं. सुतक फिटलं आणि तुम्ही जानवं बदललंत. श्रावणी अजून दोन आठवड्यांवर आहे अण्णासाहेब, आणि तुमच्या जानव्यावर किल्लीचा डागसुद्धा नाही. रविवारी तेरावा दिवस. माणूस तेराव्याला छत्री देतो, जोडा देतो आणि गेलेल्याच्या आवडीची वस्तू देतो. छत्री देवळात विसरली नाही आणि घड्याळ चोरीला गेलं नाही. तिन्ही एकाच हातात गेली."

अण्णांनी वाकून रिकाम्या खळग्यातली मखमल उचलली. खाली चार घड्या घातलेला कागद होता. माझं इंग्रजी बेताचं. पण 'रिग्रेट' एवढा एक शब्द पलटणीत आम्हाला सगळ्यांना वाचता यायचा. तो दुसऱ्याच ओळीत होता. मी पुढं वाचलंच नाही.

"माघात गेला," अण्णा म्हणाले. "तापानं. डॉक्टरच तो, आणि तापानं! कागद आषाढात आला. हरिपूरचे भटजी म्हणाले, इतक्या उशिरा कळल्यावर तीन दिवसांचं सुतक पुरे. मी म्हटलं, माझ्या मुलाचं तीन दिवसांत कसं भागेल हो?" आणि तो शब्दाला पक्का माणूस गुडघ्यात डोकं घालून रडायला लागला. मीही रडलो. मधूला मी मुंजीत पहिलं घड्याळ बांधलं होतं.

"पाकीट आलं तेव्हा अंगणात बनुबाई होती," उपरण्यानं डोळे पुसून ते म्हणाले. "खाकी पाकीट बघून ती मटकन खालीच बसली, तिला वाटलं जोतिबाचं. मी वाचलं आणि म्हटलं, तुझा नाही गं. तिनं देवाला हात जोडले. मग माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि ते हात तसेच राहिले. मी तिला शपथ घातली."

"आणि तिच्यावर आळ आला तेव्हा?"

त्यांनी कागदाची घडी घालून तो पुन्हा मखमलीखाली सारला.

"अण्णासाहेब, तुमचं दुःख डोंगराएवढं आहे, पण ते त्या बाईच्या डोक्यावर का ठेवलंत? तुमच्या शब्दासाठी ती चौकीवर जायला निघालीय, आणि तुम्ही इथं गप बसलाय! शोभतं तुम्हाला?" मी इतकं बोलायला नको होतं. पण बोललो.

"रोज ठरवतो, सांगतो," ते म्हणाले. "दारापर्यंत जातो. समोर उमा येते, कपाळाला कुंकू लावलेली. नाथाजी, माझी बहीण शकुंतला अठराव्या वर्षी विधवा झाली. याच घरात. तिचं काय केलं आमच्या वडीलधाऱ्यांनी, ते मी दाराआडून बघितलं. पुढं पन्नास वर्षं ती मागच्या खोलीत जगली, आणि मी तिला कधी हसताना पाहिलं नाही. त्या पोरीचं कपाळ पुसायला मला सांगू नका. जेवढे दिवस जातील तेवढे जाऊ देत."

बाहेर फाटक वाजलं. फौजदाराच्या बुटांचा आवाज आला आणि पाठोपाठ नारायणचा, "या साहेब, बाई मागं आहे."

अण्णा उठले. "चला. सांगतो आता." त्यांनी कडीला हात घातला आणि कडी न काढता तसेच उभे राहिले. दाराच्या फटीतून उमा चहाचे कप मांडताना दिसत होती.

"सरका," मी म्हणालो, आणि कडी मीच काढली.

६

"फौजदारसाहेब, माफी असावी," मी दिवाणखान्यात सगळ्यांसमोर म्हणालो. "घड्याळ माझ्याच दुकानात आहे."

"काय?" नारायण ओरडला.

"अण्णासाहेबांनी पार्सल करून सातारला धाडलं. काल सकाळी आलं, मी न उघडताच फळीवर टाकलं. आत काय आहे बघितलंच नाही. मागनं तार आली आणि मी निघालो. आत्ता बोलता बोलता उलगडा झाला. अण्णासाहेब धाडलेलं विसरले आणि मी आलेलं विसरलो. दोन म्हातारे, साहेब, काय करता!"

"बाई गं!" गोदावरीबाई म्हणाल्या. "छत्रीसारखंच की हे!" आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. फौजदार बरा माणूस होता. त्यानं चहा घेतला, घड्याळजी लोकांवर एक विनोद केला आणि निघून गेला.

अण्णांनी बनुबाईला बोलावलं. ती दारात उभी राहिली. अण्णांनी तिच्यापुढं हात जोडले, अगदी कपाळाला लावून. "बनुबाई, मी विसरलो. माझ्या विसरण्यानं तुझ्यावर आळ आला. मला क्षमा कर."

"असू द्या, आण्णा," ती म्हणाली. "इसरतं माणूस." त्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं ते मला बघवलं नाही.

मी पिशवी उचलली. उमा मागोमाग ओसरीपर्यंत आली.

"काका, घड्याळाला झालंय काय? चालत नाही का?"

पंचवीस वर्षं गिऱ्हाइकांना जे उत्तर देतोय तेच तोंडातून निघालं. "पार्ट गेलाय, ताई. विलायतेहून यायचाय."

"कधी येईल?"

"लढाई संपली की."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. मी कार्ड टाकीत जाईन."

७

आणि तिनं टाकली. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सांगलीचं कार्ड. घड्याळाचं काय झालं, पार्ट आला का? मी उलट टपाली लिहायचो, अजून नाही, विलायतेहून यायचाय. कार्ड लिहायच्या दिवशी माझ्या हातून दुसरं काम होत नसे. पंचेचाळीसच्या वैशाखात अण्णा झोपेतच गेले. मी तेराव्याला जाऊन आलो. उमेचं कार्ड तरीही आलं.

श्रावणात लढाई संपली. मलायातले कैदी सुटले, बोटी यायला लागल्या. सातारला मोटारी भरभरून गडी उतरायचे आणि मी दुकानाची फळी अर्धी लावून बसायचो. दसऱ्याला दोन दिवस असताना सकाळी समोर बघतो तो उमा! एकटी. कपाळावर कुंकू तसंच.

"बस, ताई," मी म्हणालो. स्टूल पुढं सरकवलं.

"काका, पार्ट आला का, असं मी आज विचारणार नाही," ती म्हणाली. "त्याच संध्याकाळी कळलं होतं मला. सगळ्यांसमोर म्हणालात, पार्सल उघडलंच नाही. आणि ओसरीवर येऊन म्हणालात, पार्ट गेलाय. न उघडलेल्या पार्सलातल्या घड्याळाचा पार्ट गेलाय, हे तुम्हाला कसं कळलं?"

मी कपाळावर हात मारला. लोक मला अर्धा फौजदार म्हणतात!

"मग घड्याळ कुठं आहे, याचा विचार करायला लागले. मामंजींचं नवं जानवं मीही पाहिलं होतं. छत्रीचं ऐकलं होतं. रात्रभरात सगळं जुळलं."

"मग ती कार्डं? सव्वा वर्ष?"

"मामंजी स्वतः पेन आणून द्यायचे. म्हणायचे, विचार नाथाजीला. तुमचं उत्तर आलं की मला मोठ्यानं वाचायला लावायचे, आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवायचे. हे कुंकूही त्यांच्यासाठीच लावत होते मी. ते बघितलं की त्यांना बरं वाटायचं." ती रडत नव्हती. तिचं रडून कधीच झालं होतं, कुणाला न कळता, एकटीचं. तो विचार मनात आला आणि माझाच बांध फुटला.

"आता मामंजी नाहीत. पण आई रोज टांगा करून मिरज स्टेशनावर जातात. प्रत्येक गाडीतल्या प्रत्येक शिपायाचं तोंड बघतात. जोतिबा परवा आला, तर बनुबाईनं पेढेसुद्धा वाटले नाहीत. घरात बोलायला गेलं की माझी जीभ उचलत नाही, काका. तेवढं तुम्ही लिहा."

"काय लिहू?"

तिनं पिशवीतून कोरं कार्ड काढून माझ्यापुढं ठेवलं. पत्ता तिनंच घातला होता, सौभाग्यवती खोडून गोदावरीबाईंच्या नावामागं गंगाभागीरथी लिहिलं होतं.

तीन वेळा टाक दौतीत बुडवला. शेवटी लिहिलं, 'वहिनी, मधूच्या घड्याळाचा पार्ट आता मिळायचा नाही. विलायतेहूनही नाही. वाट बघू नये. उमाताईला जवळ घ्यावं.' खाली सही केली.

तिनं वाचलं, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. "मी चार दिवस वाईला मावसबहिणीकडे राहते. कार्ड माझ्याआधी पोचलेलं बरं. पेटीत मीच टाकते." पायरी उतरली आणि थांबली. हात नकळत कपाळाशी गेला होता.

"इथून सांगलीला कार्ड जायला दोन दिवस लागतात ना, काका?"

"दसऱ्याची सुट्टी आलीय मध्ये," मी म्हणालो. "तीन लागतील."